विहिरीच्या डाव्या अंगाने

तारेचे खांब तीन दिवसांत उभे राहिले. पहिल्या दिवशी नुसते खड्डे झाले, तेव्हा गाईवालीला वाटलं, नव्या मालकाला बांधाने झाडं लावायची असतील. दुसऱ्या दिवशी सिमेंटचे खांब आले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सात गाई घेऊन विहिरीपाशी आली, तर वाटेच्या तोंडावर काटेरी तारेचे पाच पदर ताणलेले, आणि सगळ्यांत पुढे असणारी बांडी तारेला नाक लावून उभी. मागच्या गाई तिला रेटत होत्या. गाईवालीने धावत जाऊन बांडीचं तोंड वळवलं. नाकपुडीवर रक्ताची बारीक रेघ उमटली होती.

गाव डोंगराच्या पायथ्याशी. थंडी सरली की ओढा आटायचा, विहिरीत माणसांपुरतंच पाणी उरायचं, आणि मग चार महिने जनावरं डोंगराच्या पहिल्या टप्प्यावर जायची. तिथे झरा होता आणि झऱ्याच्या ओलीवर उन्हाळाभर तग धरणारं गवत होतं. विहिरीपासून वर जायला वीस मिनिटं लागत. वाट शेताच्या एका लांबलचक पट्टीच्या उजव्या बांधावरून जायची. पट्टीचा जुना मालक होता तोवर कुणी कुणाला काही विचारलं नाही. तो वारला, मुलांनी पट्टी विकली, आणि शहरातून आलेल्या नव्या मालकाने तिथे फळबाग धरली. गावाने आठवड्याभरात त्याचं नाव तारवाले ठेवलं.

आता वर जायचं तर डांबरी रस्त्याने, दगडखाणीला वळसा घालून जावं लागणार होतं. जायला पावणेदोन तास, यायला तेवढेच. पहिल्या दिवशी खडीच्या गाड्या अंगावरून जाताना गाई बिथरल्या, एक तर उलटी फिरून थेट घरी आली. चौथ्या दिवशी दूध निम्म्याने घटलं. गाईवालीचा नवरा सायकलला कॅन लावून सकाळी दूध पोचवायला जायचा. तो दोनऐवजी एकच कॅन घेऊन निघाला, आणि रिकाम्या बाजूला तोल सांभाळायला त्याने दगड बांधला. तिने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आठव्या दिवशी तांबडी लंगडायला लागली. ती पाच महिन्यांची गाभण होती. नवऱ्याने तिला आडवी पाडली, मान गुडघ्याखाली दाबली आणि खुराची फट चाकूने उकरली. आत खडीचा कपचा रुतून बसला होता. कपचा निघाला तसा त्यामागून पू आला, वास सुटला. गाईवाली तिचं पोट हाताने चोळत बसली होती. आतलं वासरू हलतंय का ते तिला कळेना. कधी वाटे हललं, कधी वाटे आपलाच हात थरथरतोय.

“हिला आता चालवायची नाही,” नवरा म्हणाला.

“मग पाणी?”

तो चाकू पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं तारवाल्यांकडे गेले. तारवाले चिडणारे नव्हते, उलट फार गोड बोलणारे होते. फाटकाच्या आत खुर्च्या होत्या, पण बोलणं फाटकावरच झालं, हे दोघं बाहेर आणि ते आत. म्हणाले, मला तुमची अडचण कळते, पण गेल्या महिन्यात शेळ्यांनी माझी चाळीस रोपं खाल्ली, त्या कुणाच्या हे मी विचारायला आलो नाही. त्यांनी मार्गही सुचवला. तुमच्या गाई जाऊ द्या, राखणदार दहा वाजता फाटक उघडेल आणि चारला पुन्हा उघडेल. फक्त एक कागद लिहून द्या, की इथे वाट नाही, आमचा हक्क नाही, मालकाच्या मेहेरबानीने जातो.

गाईवालीने विचारलं, “आणि उद्या मेहेरबानी संपली तर?”

“तशी वेळ का येईल, बाई?” ते हसून म्हणाले.

दहा वाजता म्हणजे ऊन डोक्यावर आल्यावर. पण नवऱ्याला कागद लिहून द्यावासा वाटत होता. घरी येऊन त्याने ते आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे त्याचे वडील. ब्याऐंशी वर्षांचे, आयुष्यभर भांडखोर म्हणून गाजलेले. एका बांधासाठी सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलले नव्हते. ते आता काठी घेऊन उठतील, असंच सुनेला वाटलं. आप्पांनी ऐकून घेतलं, घसा खाकरला आणि म्हणाले, “द्या लिहून. गाई वाचतील.”

तिला खरंच वाटेना. “आप्पा, जन्मभर ज्या वाटेने गेलात ती वाटच नाही, असं लिहून द्यायचं?”

“द्यायचं,” आप्पा म्हणाले, आणि उठून गोठ्यात गेले.

म्हातारपणाने माणूस मऊ पडतो, असं नवरा म्हणाला. तिला ते पटलं नाही, पण दुसरं कारणही सापडलं नाही.

कागद लिहिला गेला नाही, तो शेळीवाल्या मावशींमुळे. मावशी एकट्या राहायच्या, त्यांच्या नऊ शेळ्या. त्यांना तर तारवाल्यांनी मेहेरबानीही देऊ केली नव्हती. त्या आल्या, ओट्यावर बसल्या, आणि म्हणाल्या की तू सही केलीस की संपलं, मग आम्ही कुठल्या तोंडाने बोलायचं? जिल्ह्याच्या कचेरीत जुने नकाशे असतात, त्यात वाटासुद्धा काढलेल्या असतात, हे त्यांनीच कुठूनतरी ऐकून आणलं होतं. नकाशात वाट निघाली तर तारवाल्याच्या बापालाही ती अडवता येणार नाही, म्हणाल्या.

आप्पा आतून म्हणाले, “नकाशाबिकाशाच्या नादी लागू नका.”

“का हो?” मावशींनी विचारलं.

“कोण कुठला साहेब येतो, घोड्यावर बसून रेघा मारून जातो. त्याला काय कळतं?”

पण गाईवाली दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेली. नवऱ्याला दूध पोचवायचं होतं, आणि तिला घरात बसून तांबडीकडे बघवत नव्हतं.

नकाशांची खोली कचेरीच्या मागच्या बाजूला होती. दारात बाक. ती साडेदहापासून एक वाजेपर्यंत त्या बाकावर बसली. कारकून दोनदा तिच्यासमोरून गेला, एकदा चहा प्यायला आणि एकदा चहा पिऊन आल्यावर. मग त्याने तिला आत बोलावलं, गावाचं नाव विचारलं, आणि नाकाने वास घेतल्यासारखं केलं. तिच्या लुगड्याला गोठ्याचा वास येत असणार. ती टेबलापासून हातभर मागे सरकली.

मात्र नकाशा काढल्यावर कारकुनाचं वागणं पार बदललं. त्याला त्या कागदांचं वेड होतं. भलीमोठी चौकोनी घडी त्याने टेबलावर उलगडली, कडा तळव्याने सपाट केल्या आणि तिच्या हातात भिंग दिलं. ऐंशी वर्षांपूर्वीची मोजणी, म्हणाला. तिला आधी काहीच दिसेना. नुसत्या तपकिरी रेघा, लाकडाच्या फळीवर असतात तशा, एकात एक. कारकुनाने समजावलं, की एका रेघेवरची सगळी जागा सारख्या उंचीची. रेघा लांब लांब तिथे सपाट, आणि एकमेकींना चिकटल्या की तिथे चढ. तिने बोट ठेवून पाहिलं. एका ठिकाणी रेघा इतक्या दाटल्या होत्या की तपकिरी डागच झाला होता.

“हा कडा,” ती म्हणाली. “इथून एक वासरू पडलं होतं.”

मग एकेक दिसायला लागलं. निळी बारीक रेघ हा ओढा. त्याला तीन फाटे मिळतात ती जागा. तपकिरी रेघा जरा फाकल्या होत्या तो पहिला टप्पा, आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा निळा ठिपका, म्हणजे झरा. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी तिथवर चढून गेलं होतं आणि ते पाणी त्याने कागदावर मांडलं होतं. तिने भिंग बराच वेळ त्या ठिपक्यावरच धरून ठेवलं. खाली नऊ काळे चौकोन होते, ते गाव. गावाच्या टोकाला निळं वर्तुळ, ती विहीर. आणि विहिरीपासून झऱ्यापर्यंत, मुंग्यांची रांग असावी तशी, काळी तुटक रेघ.

“ही?” तिने विचारलं.

“पायवाट. जनावरांची, माणसांची. सार्वजनिक,” कारकून म्हणाला.

पुढचं त्यानेच करून दिलं. नकाशाची नक्कल काढली, शिक्का मारला, शेजारच्या खोलीत नेऊन अर्ज लिहून घेतला, की नकाशाप्रमाणे वाट मोजून मोकळी करून मिळावी. तिने सही केली. नकलेची एक प्रत अर्जाला जोडली, दुसरी तिला दिली. मोजणी दहाव्या दिवशी होईल असं सांगितलं. येताना गाडीत ती सबंध वेळ गुंडाळी उभी धरून बसली. शेजारच्या बाईने विचारलं, लग्नाची पत्रिका का, तर ती हो म्हणाली आणि हसली.

घरी जमिनीवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. नवरा पालथा पडून बघू लागला. त्याला तिच्यापेक्षा लवकर उमगलं; लहानपणापासून त्या रानात हिंडलेला. तो हसत होता, ही बघ टेकाडाची कड, हे बघ खाणीच्या जागी नुसता माळ. मग त्याचं बोट विहिरीवर आलं आणि तिथेच थांबलं.

“अगं,” तो म्हणाला, “ही रेघ विहिरीच्या डाव्या अंगाने जाते.”

“मग?”

“आपण उजव्या अंगाने जातो.”

तिने वाकून पाहिलं. तुटक रेघ विहिरीच्या डावीकडून निघून ओढ्याला लागत होती, आणि काठाकाठाने वर जात होती. पट्टीच्या उजव्या बांधावर काही नव्हतं. कोरा कागद.

“डाव्या अंगाला काय आहे?” असं विचारताना तिचं तिलाच उत्तर मिळालं. विहिरीच्या डाव्या अंगाला त्यांचा गोठा होता. चाळीस फूट लांब, दगडी भिंतीचा, मागची भिंत थेट ओढ्याच्या काठापर्यंत गेलेली.

आप्पा दारात उभे होते. कधी येऊन उभे राहिले ते दोघांनाही कळलं नाही. ते खाली बसले नाहीत, नकाशाकडे बघितलंही नाही.

“तू दोन वर्षांचा होतास,” ते मुलाला म्हणाले. “गाई वाढल्या होत्या, जागा नव्हती. ती वाट नुसता चिखल होता. पट्टीवाला माझा दोस्त. म्हणाला, घे ती जागा, बांध गोठा, लोकांना माझ्या बांधावरून जाऊ दे. बांधला. लोक दोन महिने कुरकुरले, मग पायांना नवीन वाट सवयीची झाली.”

“लिहून?”

“दोस्तीत कोण लिहितं?”

“आप्पा,” सून म्हणाली, “हे परवा का नाही सांगितलंत?”

आप्पांनी काठी दाराला टेकवली. मग म्हणाले, “परवा सांगायला चाळीस वर्षं उशीर झाला होता.”

अर्ज जाऊन बसला होता, शिक्क्यासकट, नकाशासकट. नवरा म्हणाला, मागे घेऊ. ती म्हणाली, मागे घेतला की तार कायमची. तो म्हणाला, आणि नाही घेतला तर गोठा. दोघं तेच तेच बोलत राहिले, दूध काढताना, भाकरी खाताना, शेणाच्या पाट्या उचलताना, आणि कुणी आलं की गप्प होत. येणारे पुष्कळ होते. अर्जाची बातमी गावात पोचली होती. लाकडं विकणारा येऊन म्हणाला, वहिनी, तुम्ही केलंत ते कुणाला जमलं नसतं. मावशींनी शेळीच्या दुधाचा तांब्या आणून ठेवला, तांबडीच्या खुराला लावायला झाडपाला वाटून दिला. “तू सगळ्यांसाठी झटलीस,” त्या म्हणाल्या. गाईवालीने तांब्या रिकामा करून, धुऊन परत दिला. आपल्या तोंडावर काही दिसतंय का, हे बघायला आत जाऊन आरशासमोर उभी राहिली.

त्या दिवसांत तिला गोठा मोजायची खोड लागली. शेण काढताना ती भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकायची. वाट किती रुंद असेल? चार हात? मग दोन गव्हाणी जातील. आठ हात असेल तर मधला खांब जाईल, आणि मधला खांब गेला की छप्पर राहत नाही. नकाशात रेघ केसाएवढी होती. केसाएवढ्या रेघेत गोठ्याचा किती भाग मावतो, हे तिला कुणाला विचारता येत नव्हतं.

मोजणीच्या दिवशी सकाळपासूनच विहिरीवर माणसं जमली. मोजणीवाल्या बाई तिशीच्या असतील. पायात जाड बूट, डोक्याला रुमाल, सोबत तिपाईवरचं यंत्र आणि दोन माणसं. तारवालेही आले, हातात पाण्याची बाटली, शर्टाला कडक इस्त्री. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. बाईंनी आधी विहिरीचा काठ मोजला, मग एक माणूस झेंडा घेऊन डोंगरावरच्या जुन्या दगडी खुणेपाशी गेला. तो वर पोचेपर्यंत तासभर गेला. कुणी जागचं हललं नाही.

बाईंनी यंत्रातून पाहिलं, वहीत आकडे लिहिले, पुन्हा पाहिलं. मग दुसऱ्या माणसाला हाताने डावीकडे, डावीकडे, अजून डावीकडे असं सांगत राहिल्या. तो चुन्याची पिशवी घेऊन सरकत सरकत गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकला आणि वळून बघू लागला, की आता काय करू.

“भिंतीवर खूण कर,” बाई म्हणाल्या.

त्याने दगडावर चुन्याचा पंजा उमटवला. मग तो दारातून गोठ्यात शिरला आणि मागच्या भिंतीवर दुसरा उमटवला. मधला खांब आणि त्याच्या दोन्ही बाजू वाटेत जात होत्या.

तारवाले मोठ्याने हसले नाहीत. एवढंच म्हणाले, “म्हणजे वाट माझ्या जमिनीत नव्हतीच. अर्ज करणाऱ्यांच्या गोठ्यात होती.”

गर्दीत कुजबुज झाली. लाकडं विकणाऱ्याने गाईवालीकडे पाहिलं आणि मान फिरवली. मावशी पुढे आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “तारवाला आज आला. वाट आधी तुम्हीच अडवलीत की.”

गाईवालीला वाटलं, आता धरणीने पोटात घेतलं तर बरं. नवरा सायकलला धरून उभा होता, सायकलचीच काळजी असल्यासारखा. तेव्हा आप्पा ओट्यावरून उतरले. त्यांच्या काठीचा आवाज येत राहिला. ते चुन्याच्या खुणेपाशी जाऊन उभे राहिले.

“भिंत मी घातली,” ते म्हणाले. “मुलाला आणि सुनेला ठाऊक नव्हतं. दोष द्यायचा तर मला द्या.”

आप्पांनी सबंध आयुष्यात गावासमोर चूक कबूल केलेली ही पहिलीच वेळ, आणि ती कशी ऐकून घ्यायची हे कुणालाच कळेना.

मोजणीवाल्या बाईंचं काम चालूच होतं. त्यांनी यंत्र उचलून गोठ्यामागे नेलं. ओढ्याच्या काठाने खुणा पुढे पुढे गेल्या आणि वीस पावलांवर तारवाल्यांच्या खालच्या कोपऱ्यात शिरल्या. तिथून वरपर्यंत ओढ्याकडची आठ फुटांची पट्टी वाटेची निघाली. नव्या पंपाची खोली पट्टीच्या कडेला जेमतेम सुटली. ओढ्याकडची तार मात्र पूर्ण वाटेत येत होती. तारवाल्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. मी हरकत घेईन, म्हणाले.

बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं. वाट आहे. ती दोन ठिकाणी अडली आहे, खाली गोठ्याने आणि वर तारेने. खालचं तोंड बंद असेल तर वरची तार काढायला मी कुणाला सांगू शकत नाही, कारण त्या वाटेवर माणूस जाणारच कुठून? गोठेवाल्यांनी जागा मोकळी केली, तर दुसऱ्या दिवशी या बागवाल्यांना नोटीस जाईल, सात दिवसांची. ते हरकत घेऊ शकतात. हरकतीचं काय होईल हे मी सांगू शकत नाही.

“म्हणजे आधी आम्ही गोठा पाडायचा,” नवरा म्हणाला, “आणि मग कदाचित तार निघेल.”

“हो,” बाई म्हणाल्या. त्यांनी शब्द गोड करून सांगितला नाही, याचं गाईवालीला बरं वाटलं. “किंवा अर्ज मागे घ्या. मग जे जसं आहे ते तसं.”

त्यांनी जागा मोकळी करून देण्याचा कागद पुढे केला. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने आप्पांकडे. आप्पा म्हणाले, मला विचारू नका, माझं विचारून झालेलं आहे. तिने गोठ्यात उभ्या असलेल्या तांबडीकडे पाहिलं. तांबडी तीन पायांवर भार टाकून रवंथ करत होती. तिने पेन घेतलं आणि सही केली. सही करताना तिला मोठं धाडस केल्यासारखं मुळीच वाटलं नाही. कागद परत देऊन ती तांबडीला पाणी पाजायला गेली.

गोठा पाडायला सहा दिवस लागले. आधी पत्रे उतरवले. नवरा वर, ती खाली. गंजलेले खिळे निघेनात, पहारीने उचकटावे लागले. पत्र्याच्या कडेने तिच्या तळहाताला चीर पडली, तिने चिंधी बांधली आणि पुढचा पत्रा धरला. गाई घराच्या भिंतीला उन्हातच बांधल्या होत्या, वर गोणपाटाचं छप्पर. मग मधला खांब आला. तो दोघांना आवरेना. रस्त्यावरून माणसं जात होती, बघत होती, आणि पुढे जात होती. आप्पा खाली बसून निघालेले दगड चाचपून वेगळे करत होते, कामाचे एकीकडे आणि फुटके एकीकडे. ते थरथरत्या हाताने दगड लावायचे आणि थर जरा उंच झाला की तो कोसळायचा.

तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. पदर खोचला, पाटी उचलली आणि दगड वाहायला लागल्या. दुपारी गाईवालीने त्यांना पाणी दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, “माझी आई डोक्यावर मोळी घेऊन यायची त्या वाटेने. नव्या वाटेने पाय दुखतात म्हणायची. जुनी कुठली, हे आम्ही कधी विचारलंच नाही; वाटायचं, म्हातारी उगीच कुरकुरते.” पाणी पिऊन त्या पुन्हा उठल्या. संध्याकाळपर्यंत लाकडं विकणारा आणि त्याचा भाऊही आले. खांब चौघांनी मिळून काढला. निघताना खांबाने बाजूची दोन हात भिंत सोबत आणली.

मग नोटीस गेली आणि वाट बघणं सुरू झालं. एक दिवस, दोन दिवस. तारवाल्यांची मोटार कचेरीच्या दिशेने गेल्याचं कुणी सांगे, वकील आल्याचं कुणी सांगे. गाईवाली भांडी घासताना ओढ्याकडे बघायची. मोडलेल्या गोठ्यातून पहिल्यांदाच ओढा घरातून दिसत होता, आणि पलीकडे तारेचे पाच पदर, उन्हात चकाकणारे. तांबडी पाणी कमी प्यायला लागली. पाचव्या दिवशी तिने वैरण तोंडात धरून तशीच ठेवली. नवरा म्हणाला, हिला काही झालं तर, आणि वाक्य पुरं केलं नाही. तिने रात्री दोनदा उठून गाईच्या पोटावर हात ठेवला.

सातव्या दिवशी दुपारपर्यंत काही झालं नाही. चारच्या सुमारास राखणदार पक्कड घेऊन आला. त्याने कुणाकडे न बघता तार कापली, पदर गुंडाळले, आणि खांब उपटून बागेच्या आतल्या बाजूला पुन्हा रोवायला सुरुवात केली. तारवाल्यांनी हरकत घेतली होती, असं त्याने जाता जाता सांगितलं. निकाल लागायला वर्ष जाईल. तोवर वाट मोकळी ठेवायची आहे.

“वर्षानंतर?” नवऱ्याने विचारलं.

राखणदाराने खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच तिने गाई सोडल्या. बांडी पुढे निघाली, मोडक्या गोठ्यात शिरली आणि मधोमध थांबली. तिथे आता काहीच नव्हतं, नुसती झाडलेली माती. पण तिच्या जन्मापासून आठ वर्षं तिने त्या जागी भिंत पाहिली होती आणि भिंतीला गव्हाण होती. बांडीने मान खाली घातली, नसलेल्या गव्हाणीचा वास घेतला, आणि पाऊल पुढे टाकेना. मागच्या गाई तिच्यामागे थांबल्या. गाईवालीने हाक मारली, पाठीवर थाप दिली, नवऱ्याने शेपटी पिळली. गाय हलेना.

मग आप्पा उठले. त्यांनी काठी सुनेच्या हातात दिली, बांडीच्या गळ्याखाली हात घातला आणि स्वतः पुढे चालू लागले. भिंतीच्या जागेवरून पाऊल टाकताना ते क्षणभर अडखळले, जणू त्यांनाही पाय उचलून ओलांडावं लागतंय. बांडीने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग सगळ्या गाई एकदम सुटल्या, सगळ्यांत मागे तांबडी, लंगडत. आप्पा वरपर्यंत जाऊ शकणार नव्हते. ओढ्याच्या काठावरच्या पहिल्या दगडावर ते बसले आणि पुढे जाणाऱ्या गाई मोजत राहिले. नवरा गाईंबरोबर वर गेला.

ती घरात वळली तोच मागून खुरांचा आवाज आला. मावशींच्या शेळ्या अंगणातून गोठ्याच्या मोकळ्या जागेकडे चालल्या होत्या, एक उतरवलेल्या तुळईवर चढून खाली उडी मारत होती. त्यांच्यामागून लाकडं विकणारा, त्याच्यामागून दोन बाया कळशा घेऊन. दोरीवर वाळत घातलेली लुगडी एकीने वाकून, दुसरीने बाजूला सारून ओलांडली. गाईवालीने न्हाणीचं दार ओढून घेतलं. न्हाणीला आजवर कडी नव्हती, लागतच नव्हती. आता बसवावी लागणार होती. ती दोरी सोडून ओट्याच्या आतल्या बाजूला बांधत होती, तेव्हा पाठीवर पिशवी टाकलेला एक अनोळखी माणूस अंगणाच्या कडेला घुटमळला. कुणाच्या घरात शिरतोय का, अशा शंकेने चपला काढाव्या की नाही ते त्याला ठरवता येईना.

“वर जायची वाट कुठली हो?” त्याने विचारलं.

तिने दोरीची गाठ मारली, दातांनी आवळली.

“हीच,” ती म्हणाली. “चपला राहू द्या.”